गिरणगाव श्रीमंत झालं, पण कोण श्रीमंत झालं?

मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या वस्तीबद्दल, म्हणजे गिरणगावाबद्दल, सध्या एक मजकूर खूप फिरतोय: 'संपाने गिरण्या मेल्या. कामगारांनी खोल्या विकून पैसा केला आणि राजीखुशीने लांब राहायला गेले. उरले त्यांना टॉवरमध्ये फुकट घर मिळालं. वस्ती वाढली, भरभराट झाली. आज लोअर परळचं सरासरी उत्पन्न बघा!' हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत गिरणी कामगारांची मुलंही आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी सरासरी. आपल्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो, तेव्हा हा आकडा बहुधा फ्लॅटच्या भावावरून काढलेला अंदाज असतो. तरी तो खरा धरू. समजा, चाळीच्या एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाकडे महिन्याला वीस हजार येतात. पाच बिऱ्हाडं गेली, त्यांच्या जागी दोन लाख कमावणारी पाच आली. मजल्याची सरासरी एक लाख दहा हजार झाली, म्हणजे साडेपाच पट. जुन्यांपैकी एकाच्याही हातात रुपया जास्त पडलेला नाही. गेलेले पाच तर हिशेबातूनच पुसले गेले. भागाचं उत्पन्न वाढणं आणि भागातल्या माणसांचं उत्पन्न वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मजकुराचा सगळा डोलारा त्या एक मानण्यावर उभा आहे.

'वस्ती वाढली' हेही चूक. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33.38 लाख होती, 2011 मध्ये 30.85 लाख झाली. टॉवर चढत गेले, माणसं कमी झाली. यात नवल नाही. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी जिथे एका खोलीत मावत, त्याच्या कितीतरी पट मोठ्या फ्लॅटमध्ये आता चौघं राहतात.

संपाचं म्हणाल तर 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातून धंद्याला जबर धक्का बसला, हे खरंच आहे. पण छोट्या कारखान्यांतल्या यंत्रमागांनी गिरण्यांचं कापड त्याआधीच मागे टाकायला सुरुवात केली होती, आणि कित्येक मालकांनी जुन्या यंत्रांवर पैसा घातला नव्हता. संपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. त्या बंद पडत गेल्या पुढच्या वीस वर्षांत, जेव्हा कापडापेक्षा खालची जमीन महाग झाली.

त्या जमिनीचं काय झालं, यावर मजकुरात चकार शब्द नाही. सगळ्यात मोठा घाव तर तिथेच बसला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना साधारण तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण मंडळाला), एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेड आणि इमारतींनीच व्यापलेली, मग वाटायला राहणार काय? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, पण सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो मान्य केला. सुमारे सहाशे एकरांचा प्रश्न होता. सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीला 2005 मध्ये 702 कोटी आले. 'खोल्या विकून पैसा केला' म्हणणाऱ्यांनी पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीचे, तेही चाळमालकाचा हिस्सा देऊन उरलेले पैसे या आकड्याशेजारी ठेवून बघावेत.

आणि 'राजीखुशी'? पगार थांबलेला, देणी थकलेली, अशा घराने खोली विकणं याला मी राजीखुशी म्हणणार नाही.

फुकट घराची गोष्ट अर्धी खरी आहे. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला ठरावीक किमान आकाराचं घर मिळतं, आधी 225 चौरस फुटांचं, नंतर त्याहून मोठं. ते हक्काचं आहे, कोणाचे उपकार नाहीत. पण लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो, आणि जिथे कॉर्पसचं (देखभालीसाठी ठेवलेल्या निधीचं) व्याज पुरत नाही तिथे तो भार तुटपुंज्या पेन्शनवर पडतो. मग पुन्हा एक घर विक्रीला निघतं आणि सरासरी आणखी वर चढते.

गिरणी कामगारांसाठीच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत 2012 मध्ये निघाली, 6,925 घरांची. अर्जदार लाखाच्या वर होते. संप सुरू होऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.