मार्करमामांचा उल्लेख हवा होता

भारतीय बिलियर्ड्सवरच्या तुमच्या लेखात विल्सन जोन्स ते पंकज अडवाणी हा प्रवास छान आलाय. दोघांचाही जन्म पुण्याचा, याचा आम्हा पुणेकरांना फार अभिमान. जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली जागतिक अजिंक्यपद जिंकलं, पुढे प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कारही मिळवला. पंकजला बंगळुरूत अरविंद सवूर यांनी घडवलं.

पण मार्कर राहिले हो! जिमखान्यात गुण मांडणारे, टेबल राखणारे. माझे काका बिलियर्ड्स शिकले ते अशाच एका मामांकडून. पावसाळ्यात टेबलावरची बनात, म्हणजे लोकरी कापड, दमट होऊन चेंडू जड चालायचा. मामा आधी ब्रश फिरवायचे, मग इस्त्री, दोन्ही बॉककडून, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या बाजूकडून, वरच्या टोकाला, एकाच दिशेने. उलटा हात फिरवला तर ओरडायचे! काकांनी कॅनन साधला, म्हणजे आपला चेंडू बाकी दोन्ही चेंडूंना लावला, की लगेच म्हणायचे, "दोन गुण झाले, पण तिन्ही चेंडू थांबले कुठे ते बघा." पुढचा फटका आधीच्या फटक्यात तयार करायचा, हे काकांना तिथेच उमगलं. मला क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला शिकवताना तेही हेच वाक्य म्हणायचे, अगदी मामांच्याच सुरात.

अशा मार्करांवर एक स्वतंत्र लेख जरूर लिहा.