कॉम्प्युटरच्या झिणझिण्या

लातुरात कॉम्प्युटर बिघडला की दोनच निदानं होतात. घरच्यांच्या मते 'व्हायरस आलाय' आणि दुकानदाराच्या मते 'बोर्ड गेलाय', म्हणजे आतला मदरबोर्ड. व्हायरस फुकट असतो, बोर्डाला पैसे पडतात. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सीपीयूचा डबा काखोटीला मारून त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं जा, शेवटी बोर्डच गेलेला असतो. आमचा नेहमीचा दुकानदार तर डबा काउंटरवर टेकायच्या आधीच सांगतो, "बोर्ड हाय काका." म्हणून ठरवलं, आता आपणच शिकायचं. ज्या गावात कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येतात, त्या गावात एका माणसाला स्वतःचा कॉम्प्युटर उघडता येऊ नये म्हणजे फारच झालं.

नीटच्या तयारीला बसलेल्या चिरंजीवांनी लगेच लातूर पॅटर्न लावला. आधी थिअरी, मग सराव परीक्षा, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

"पप्पा, डीडीआर थ्री रॅमला किती व्होल्ट?"

"दीड."

"फोरला?"

"एक पॉइंट दोन."

"थ्रीची पट्टी फोरच्या स्लॉटमध्ये का बसत नाही?"

"मधली खाच वेगळ्या जागी असते."

रॅम म्हणजे मेमरीची पट्टी, डीडीआर थ्री आणि फोर या तिच्या पिढ्या. बारा गुण झाले. एखादं चुकलं असतं तर निगेटिव्ह मार्किंग होतंच. घरात नीटचं पोरगं असलं की बापालाही वजा एक बसतो.

झाकण काढलं आणि आत अख्खा जिल्हा निघाला. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. आमच्या पात्यांमध्ये काळ्या मातीची धूळ, गादीचा कापूस, एक पंख वाळलेली माशी आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. पाकळ्यांचा खुलासा आईनं केला. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची असतात. अडकित्ता, विळी, शिलाई मशीन झालं की कॉम्प्युटर. हळदकुंकू लावायला तिला समोरची जाळीच बरी वाटते, कारण तिथं ते 'छान आत जातं'. ते किती छान जातं हे मी ब्रशनं उकरताना पाहत होतो. पंख्याच्या मधल्या बुडख्यावर कुंकवाचं एक अगदी नेटकं बोट उमटलेलं होतं. ते तेवढं पुसायचा धीर झाला नाही.

या प्रकरणातली एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. कॉम्प्युटरचा पंखा काही थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. मे महिन्यात खोलीत चाळीसच्या वर पारा असेल, तर प्रोसेसरला तीच चाळीसच्या वरची हवा मिळणार. नव्वदीच्या पुढं गेला की तो आपणहून कामाचा वेग कमी करतो आणि तरीही नाही भागलं तर मशीन सरळ बंद पडतं. दुपारी बारा ते चार आमच्याकडं माणसंही हेच करतात. त्याला कुणी बोर्ड गेला म्हणत नाही.

धूळ काढली, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली, बटण दाबलं, तर आतून लांबलचक शिट्ट्या सुरू झाल्या. सुरू झाल्या त्या थांबेनात. स्क्रीन काळी. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कुकर बंद करा गं कुणीतरी!" शिट्ट्या मोजून वरण उतरवणाऱ्या घरात हा गोंधळ होणारच. पण बऱ्याच बोर्डांवर अशी थांबून थांबून लांब शिट्टी म्हणजे रॅमची तक्रार. पट्टी काढायची, खालच्या सोनेरी दातांवर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, कण झटकायचे आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्ट वाजेपर्यंत दाबून बसवायची. अख्ख्या हार्डवेअर शास्त्रातलं सर्वात गुणकारी औषध पोराच्या कंपासपेटीत असतं. दुकानात त्याच कामाला 'सर्व्हिसिंग' म्हणतात.

तारीख मागं जाण्याचा रोग याहून सोपा. बोर्डावर सीआर २०३२ नावाचं तीन व्होल्टचं बटण-सेल असतं. वीस मिलिमीटर व्यास, तीन पूर्णांक दोन जाडी, म्हणून ते नाव. ते संपलं की कॉम्प्युटर कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतो आणि सातबारा काढायला गेलं की ब्राउझर म्हणतो, ही साइट सुरक्षित नाही. साइटचा काही दोष नसतो, तिच्या प्रमाणपत्राची तारीख आणि आपली तारीख जुळत नसते. भिंतीवरचं बटण चालू असलं तर हे सेल फारसं खर्चत नाही. आमच्याकडं आई झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करते, त्यामुळं आमचं सेल अल्पायुषी. घड्याळाच्या दुकानात मिळतं. पुढं.

खरी परीक्षा पुढंच होती. कॉम्प्युटर उघडायला शिकवणारा प्रत्येक जण एक गोष्ट बजावून सांगतो: आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी डब्याच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मी भक्तिभावानं लावला. माझ्या अंगातली वीज डब्यात जायच्या ऐवजी डब्यातलीच माझ्या अंगात आली. मोठा झटका नाही, नुसत्या झिणझिण्या. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, डोळे मिटले होते का?" टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला.

मग वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडलं. थ्री-पिनची वरची पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही. ती अर्थिंगची, म्हणजे डब्यावर आलेली वीज जमिनीत सोडणारी, सगळ्यांच्या आधी टेकावी म्हणून. आमच्या सॉकेटला त्या पिनीसाठी भोक होतं, भोकामागं वायर नव्हती. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं तर दोनशे तीस व्होल्टांपैकी निम्मे डब्यावर येऊन बसतात. करंट अगदी नावाला, म्हणून माणूस वाचतो आणि तक्रार करायला उरतो.

मामांनी अंगणात खोल खड्डा घेतला. कोळसा, खडे मीठ, पाइप, सगळं यथासांग. वर एक नरसाळं बसवलं आणि म्हणाले, "याला उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालत जावा. आपली काळी माती वाळली की भेगाळती, मग करंट धरीना जाती."

रोज बादलीभर. ज्या शहरासाठी २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं नळ आला की लग्नाचं बोलावणं सोडून माणसं घरी पळतात, तिथं मामा जमिनीत बादली ओतायला सांगत होते. बायको ओट्यापाशीच होती.

"कॉम्प्युटरला पाणी?"

"कॉम्प्युटरला नाही, अर्थिंगला."

"ते काय देतंय?"

याचं उत्तर पॅटर्नमध्ये नव्हतं. अर्थिंग काही देत नाही, हेच त्याचं काम आहे, हे मी समजावून पाहिलं. ती म्हणाली की असं एक माणूस घरात आधीच आहे. शेवटी तडजोड निघाली. ताजं पाणी एक थेंब मिळणार नाही. मी आंघोळ त्या नरसाळ्याशेजारी दगडावर बसून करायची; साबण कमी, पाणी सगळं खड्ड्यात. चिरंजीवांनी त्याला लगेच प्रॅक्टिकल म्हणून मान्यता दिली.

डब्याला आता झिणझिण्या येत नाहीत. सकाळी मी डोक्यावर तांब्या ओतत असतो तेव्हा शेजारचे भाऊ दूध घेऊन येताना कुंपणावरून वाकून बघतात.

"काय काका, कॉम्प्युटर शिकलालाव म्हणं?"