‘हजारो डोळे बघतायत’ म्हणणाऱ्यांना एका ग्रंथपालाचं उत्तर

ग्रंथपालांच्या आणि आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा आशय असा: ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, हजारो डोळे त्यावर असतात, म्हणून नव्या सुविधेची वेगळी तपासणी नको. तपासायचंच तर ज्याने कोड लिहिला त्यानेच तपासावं. मॅन्युअल मागाहून लिहिता येतं, कारण कोड हेच खरं मॅन्युअल. आणि आता तर एआय आहेच.

मी परळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमची देवघेव कोहा या ओपन सोर्स ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर चालते, आणि संध्याकाळी तासभर मिळाला की कोहात येऊ घातलेल्या सुविधा मी तपासते. त्यामुळे हे मुद्दे मला सोडून देता येत नाहीत.

‘हजारो डोळे असतात.’ बघायची मुभा हजारोंना असते, एवढंच खरं. बघतात किती जण? ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर. ३१ डिसेंबर २०११ रोजी त्यात ‘हार्टबीट’ नावाची एक लहानशी सुविधा आली. पलीकडचा संगणक अजून जोडलेला आहे ना, हे पाहायला थोडा मजकूर पाठवायचा आणि त्याने तोच परत पाठवायचा. मजकूर किती लांब आहे, हे पाठवणाराच सांगणार. आता कुणी चार अक्षरं पाठवून ‘चौसष्ट हजार आहेत’ असं सांगितलं तर? कोड ते ताडून पाहतच नव्हता. मेमरीत शेजारी जे पडलेलं असेल, पासवर्ड म्हणा, गुप्त किल्ल्या म्हणा, ते एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत उचलून परत देत होता. १४ मार्च २०१२च्या १.०.१ आवृत्तीतून ही चूक जगभर पोचली आणि ७ एप्रिल २०१४ला ‘हार्टब्लीड’ या नावाने जाहीर झाली. मधली दोन वर्षं कोड उघडाच होता. आत घेण्यापूर्वी तो तपासला होता प्रकल्पातल्या एका माणसाने.

कुणी म्हणेल, २०२४मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला की! सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या एका प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मागे लागला. हजारांतल्या बाकीच्यांचं काय?

‘ज्याने लिहिला त्यानेच तपासावा.’ हार्टबीटची गोष्ट इथे आणखी बोलकी आहे. या सुविधेचं मानक, आरएफसी ६५२०, फेब्रुवारी २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. सांगितलेली लांबी प्रमाणाबाहेर असेल तर तो संदेश गुपचूप टाकून द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. कोड लिहिणारा या मानकाच्या लेखकांपैकीच एक. नियम त्याला ठाऊक होता, तरी कोडमधून निसटला. स्वतःच्या मजकुराचं मुद्रितशोधन स्वतः केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. दुसऱ्या कुणीतरी ते पान एका हाताला आणि कोड दुसऱ्या हाताला ठेवून ओळ न् ओळ ताडायला हवी होती. मी ज्याला तपासणी म्हणते ती ही. आणि त्यासाठी आधी ते पान लिहिलेलं असावं लागतं.

कोहाची पद्धत म्हणूनच मला पटते. (माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २०००च्या जानेवारीपासून वापरात आलं.) इथे पॅचसोबत, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलासोबत, टेस्ट प्लॅन द्यावा लागतो: आधी हे करा, मग ते दाबा, आता असं दिसायला हवं. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो करून बघून साइन-ऑफ, म्हणजे ‘चालतंय’ अशी संमती द्यायची, मग क्यूए (गुणवत्ता तपासणाऱ्या) टीममधल्या कुणीतरी पाहायचं, मग नवी आवृत्ती काढणारा रिलीज मॅनेजर तो पॅच आत घेणार. साइन-ऑफसाठी कोड लिहिता यायला हवा असं नाही. ब्राउझरमध्ये सँडबॉक्स, म्हणजे कोहाची सरावाची प्रत, उघडायचा आणि काउंटरवर बसल्यासारखं वापरायचं.

काउंटरवर बसणाऱ्याला जे सुचतं ते कोड लिहिणाऱ्याला सुचेलच असं नाही. पुस्तकांची यादी अकारविल्हे लावणारी सुविधा आली की मी दोन नावं टाकते: ‘काव्य’ आणि ‘काळ’. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे ‘काव्य’ आधी. संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या अलीकडे आहे. नुसत्या त्या क्रमाने लावलं तर ‘काळ’ वर चढतो. शोधासाठी माझी जोडी ठरलेली: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्या मागणाऱ्या मुलाला समुद्र मिळता कामा नये. हे परदेशातल्या प्रोग्रामरने कुठून ओळखावं? ते सांगणं आमचं काम आहे.

‘मॅन्युअल मागाहून.’ मागाहून म्हणजे बहुधा कधीच नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या २०१७च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली, आणि ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण ते क्वचितच लिहितो किंवा लिहीतच नाही असं कबूल केलं. जँगो या वेबसाइट बांधायच्या ओपन सोर्स प्रकल्पात नवी सुविधा हवी तर पॅचमध्येच टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन दोन्ही लागतं. पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या, व्हिडिओंतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पाठाची संहिता जाणकार तपासतो तशी नवशिक्याकडूनही तपासून घेतात. नवशिका अडला की संहिता सुधारायची.

‘कोड हेच मॅन्युअल’ म्हणणाऱ्यांनी लॉगफोरजे आठवावं, इतर प्रोग्रामच्या घडामोडींची नोंद ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. नोंदवहीत आलेल्या मजकुरात ठरावीक खूण दिसली की बाहेरच्या सर्व्हरकडे विचारणा करायची, ही सोय त्यात २०१३मध्ये आली. तिच्यातला धोका जगाला डिसेंबर २०२१मध्ये कळला. तोवर असंख्य कंपन्यांचे प्रोग्रामर ते सॉफ्टवेअर रोज वापरत होते, आणि मजकूर नोंदवणं यापलीकडे ते काही करतं याची त्यांतल्या अनेकांना कल्पना नव्हती.

‘एआय लिहील.’ कोडमध्ये जे आहे त्याचा गोषवारा एआय देतो, भाषाही नेटकी असते. विलंबशुल्काबद्दल मी त्याच्याकडून मसुदा करून घेतला, तेव्हा वाक्य आलं: ‘सुट्टीचे दिवस वगळले जातात.’ पण कुठल्या सुट्ट्या? मुंबईत जुलैमध्ये सकाळी सात वाजता पावसामुळे सुट्टी जाहीर होते. पुस्तक आठ दिवसांपूर्वीच दिलेलं, परतीची तारीख नेमकी आजची. ही सुट्टी कॅलेंडरमध्ये आज टाकली तर तारीख पुढे सरकते का? दंड आजपासून की उद्यापासून? आणि कुणी ती दुसऱ्या दिवशी टाकली तर? मी ते वाक्य खोडलं, सँडबॉक्स उघडला आणि हे तिन्ही प्रश्न टेस्ट प्लॅनच्या पहिल्या तीन पायऱ्या म्हणून लिहिले.