‘पी 0.05च्या खाली, म्हणजे वेलनेस प्रोग्रॅम यशस्वी’? नाही हो!

एचआरच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज आता ओळखीतल्या एका मॅनेजरच्या बजेट-प्रेझेंटेशनमध्ये जाऊन बसलाय, म्हणून एकदाचं उत्तर. मेसेज थोडक्यात असा: कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठीचा वेलनेस प्रोग्रॅम चालला का, हे बघायचं तर त्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे (बीपी वगैरे) एक्सेलच्या दोन कॉलमांत भरा, पेअर्ड टी-टेस्ट (प्रत्येकाच्या आधी-नंतरच्या फरकांची सरासरी शून्याहून वेगळी आहे का, हे बघणारी चाचणी) लावा, पी (खरा बदल नसताना योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.05च्या खाली आलं की प्रोग्रॅम यशस्वी. प्रत्येक जण स्वतःचाच कंट्रोल, म्हणजे तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी; प्रोग्रॅम न मिळालेला वेगळा ग्रुप नको. निनावी फॉर्म चालतात. मधेच सोडून गेलेल्यांना वगळा.

‘स्वतःचाच कंट्रोल’ हे अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. वजाबाकीत माणसामाणसांतला फरक निघून जातो, म्हणून थोड्या लोकांतही बदल दिसतो. पण टेस्ट एवढंच सांगते की सरासरी बदल शून्य धरणं कठीण आहे. तो कशानं झाला, हे तिला कुठून कळणार?

आणि बहुतेक प्रोग्रॅममध्ये माणसं घेतात कशी? तपासणीत ज्यांचं वरचं बीपी 140 किंवा जास्त, ते आत. इथेच सगळं फसतं. समजा सगळ्या कर्मचाऱ्यांची सरासरी 125, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत, ते) 15 आणि दोन वेळच्या मोजणीतला सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) 0.7. निवडलेल्यांची सरासरी येते साधारण 148. काहीही न करता दुसऱ्यांदा मोजा: 125 + 0.7 × 23, म्हणजे 141. सात अंक आपोआप उतरले! कारण निवडलेल्यांत त्या दिवशी योगायोगानं जास्त आकडा आलेलेही असतात. असे 40 जण घेतले, तर टी (बदल योगायोगाच्या चढउताराच्या मानानं किती मोठा, ते सांगणारा टेस्टचा आकडा) सुमारे 4 येतो, पी 0.001च्याही खाली. प्रोग्रॅम झालेलाच नाही, तरी ‘यशस्वी’. निवडीसाठी एक मोजणी आणि ‘आधी’साठी नंतरची वेगळी मोजणी वापरली, तर ही फसगत बरीच कमी होते.

निनावी फॉर्म? मग जोड्या लावणार कशा? रांगा नुसत्या शेजारी ठेवल्या की एक्सेल निमूटपणे कुणाचाही आकडा कुणाच्याही आकड्यातून वजा करतं. निदान एक सांकेतिक क्रमांक तरी द्या.

गळती वगळायची, तर उरतात ते आधीच तब्येतीला जपणारे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या 4,834 कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात (निष्कर्ष 2019मध्ये छापले) प्रोग्रॅम कुणाला मिळणार हे सोडतीनं ठरलं होतं. प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांचा उपचारखर्च प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीच न घेणाऱ्यांपेक्षा कमी होता. तपासण्या करून घेणारे वाढले, पण दोन वर्षांनंतरही एकूण उपचारखर्चावर लक्षणीय परिणाम सापडला नाही. कंट्रोल ग्रुप होता, म्हणूनच हे कळलं.

तो ग्रुप महागही नाही. इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्यांना आत्ता घ्या, निम्म्यांना सहा महिन्यांनी. दोघांचं मोजमाप एकाच आठवड्यात करा आणि दोन गटांतल्या बदलांची तुलना करा. त्यासाठी वेल्चची टी-टेस्ट (दोन वेगळ्या गटांच्या सरासरींची तुलना करणारी) पुरते. सोडून गेलेल्यांनाही मोजणीला बोलवा आणि ज्या गटाची चिठ्ठी निघाली, त्यातच धरा.