कॅप्सूल वापरणं म्हणजे मागे जाणं नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘शटल विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं. गगनयान मात्र साठच्या दशकातली कॅप्सूल घेऊन समुद्रात पडणार!’ शटल म्हणजे नासाचं पंख असलेलं जुनं अंतराळयान, कॅप्सूल म्हणजे बिनपंखांची, बोथट तळाची कुपी. मेसेजमधले मुद्दे तपासू.

‘आकार जुना आहे.’ आहेच, कारण वातावरणात शिरतानाचं भौतिकशास्त्र बदललेलं नाही. बोथट तळामुळे धक्कालहर (समोर दाबल्या गेलेल्या तप्त हवेची भिंत) यानापासून दूर राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच निघून जाते. एप्रिल २००८ मध्ये रशियाच्या सोयुझ टीएमए-११ यानाचं सर्व्हिस मॉड्यूल (कॅप्सूलला जोडलेला इंजिनाचा भाग) वेळेवर सुटलं नाही आणि कॅप्सूल उलटी, दाराची बाजू पुढे करून शिरली. जोड तुटताच ती आपोआप तळ पुढे करून सावरली. ८ जीहून (गुरुत्वाकर्षणाच्या आठपटीहून) जास्त भार सोसावा लागला, उतरली ती ठरल्या जागेच्या ४०० किमीहून जास्त अलीकडे. पण तिघेही वाचले.

‘पंख असले की सुरक्षित.’ हे साफ चूक आहे. शटल इंधनटाकीच्या कुशीला बांधलेलं असे. २००३ मध्ये उड्डाणावेळी टाकीवरचा फोमचा तुकडा कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला आणि परतताना कल्पना चावलांसह सातही जण गेले. कॅप्सूल रॉकेटच्या शेंड्यावर असते. तिच्यावर टाकीचा फोम पडू शकत नाही, आणि खाली बिघाड झाला तर तिला ओढून बाजूला नेता येतं. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयुझ एमएस-१० चा एक बूस्टर नीट न सुटता मुख्य टप्प्यावर आदळला. कारण काय, तर जुळणी करताना वाकलेली सेन्सरची पिन. सुटकेचा मनोरा (कॅप्सूलला ओढून नेणारं शेंड्यावरचं छोटं रॉकेट) तोवर टाकून झाला होता, तरी नाकाच्या आवरणावरच्या मोटरींनी कॅप्सूल दूर नेली. आतले दोघे अंतराळवीर, ओव्चिनिन आणि हेग, सुखरूप उतरले. शटलचे बूस्टर जळत असताना आतल्यांना अशी कुठलीच वाट नव्हती.

‘समुद्रात पडणं म्हणजे नशिबावर हवाला.’ गगनयानच्या क्रू मॉड्यूलला १० पॅराशूट आहेत: झाकण काढणारी २, वेग आवरणारी ड्रोग २, मुख्य पॅराशूट बाहेर खेचणारी ३ आणि मुख्य ३. मुख्य तीनपैकी दोन उघडली तरी पुरे.

मर्यादा आहेत, पण मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. शटल १४ टनांच्या आसपास सामान परत आणू शकायचं. कॅप्सूलला ते जमणार नाही. तिला कक्षेत हवं तितकं ठेवताही येत नाही. सोयुझच्या परतीच्या थ्रस्टरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू विघटित होतं, त्यामुळे ती बराच काळ सुमारे २०० दिवसच भरवशाची मानली जायची. म्हणूनच अंतराळ स्थानकाला जोडलेली सोयुझ काही महिन्यांनी बदलतात.