सोबत कोण होतं?

गुरुवारी सकाळी सातला आईचा फोन आला. साताऱ्यात तेव्हा साडेदहा वाजलेले, तिची पूजा आटोपलेली. "काल रात्री जंगलात गेली होतीस म्हणे. सोबत कोण होतं?"

"कोणी नव्हतं गं. पळताना एकटीच असते."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तिने भाजणी कशी झाली ते विचारलं आणि आम्ही फराळावर बोलत राहिलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज रविवार आहे, मुलं झोपली आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी झालीय, सवडीने वाचा.

आधी मी करते काय ते सांगते. इथे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. पहिली चार वर्षं मी नुसती पळायचे. मग शेजारणीमुळे ओरिएंटियरिंगच्या क्लबात गेले आणि तिथलीच झाले. यात तुमच्या हातात जंगलाचा नकाशा आणि होकायंत्र देतात. नकाशावर जांभळ्या रंगात गोल काढलेले असतात. प्रत्येक गोलाच्या जागी जंगलात एक नारिंगी-पांढरा झेंडा टांगलेला असतो. ते झेंडे दिलेल्या क्रमाने गाठायचे. मधली वाट मात्र कोणी आखून देत नाही. दलदलीतून सरळ घुसायचं, की लांबच्या पायवाटेने वळसा घालायचा, की टेकडीची धार धरायची, हे पळता पळता तुमचं तुम्ही ठरवायचं.

स्वीडनमध्ये हा खेळ घरोघरी माहीत आहे. एर्न्स्ट किलांडर नावाच्या मेजरने १९१९ साली स्टॉकहोमजवळ पहिली मोठी शर्यत भरवली, तेव्हा दोनशेच्या वर लोक धावले होते. आणि बायकांची पहिली शर्यत १९२५ साली याच गोथेनबर्गात झाली. हे मला क्लबात कळलं त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी या गावातल्या बायका नकाशा घेऊन एकट्या जंगलात शिरल्या होत्या.

तर हा आठवडा. सोमवारी धाकट्याला ताप. इथे मूल आजारी पडलं की आईबापांपैकी एकाला रजा मिळते, 'वाब' म्हणतात तिला. ती मी घेतली. दिवसभर पेज, थर्मामीटर आणि मांडीवर पेंगणारं पोरगं. मंगळवारी ताप उतरला, नवरा सहाला घरी आला आणि मी स्काटोसच्या दिव्यांच्या ट्रॅकवर जाऊन तीन-तीन मिनिटांचे सहा इंटरव्हल मारले, म्हणजे जोरात पळायचं, मग दम घ्यायचा, पुन्हा पळायचं. शेवटचा जमला नाही, पाय जड होते. घरी येऊन भाजणीचं धान्य भाजायला घेतलं.

बुधवारचं मात्र नीट सांगायला हवं.

बुधवारी रात्रीचं ट्रेनिंग असतं. ऑक्टोबरच्या मध्यात इथे सवासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसहाला डेल्शन तलावाच्या बाजूच्या जंगलात आम्ही वीसेक जण कपाळाला दिवे लावून उभे होतो. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला सोडतात. पहिल्या पन्नास पावलांत पुढच्याचा दिवा झाडांत दिसेनासा होतो आणि मग आपण आणि आपला उजेडाचा गोल, एवढंच उरतं.

पहिले चार पॉइंट छान मिळाले. चौथ्याहून पाचवा साडेतीनशे मीटर. झेंडा नेमका कुठे आहे त्याच्या वर्णनात लिहिलेलं, टेपाडाचा ईशान्येकडचा पायथा. मी होकायंत्र लावलं, निघाले. मध्ये दलदल लागली. नकाशावर ती निळ्या आडव्या रेघांनी दाखवतात. नकाशात दलदल होती, पायाखालीही होती, म्हणून मी खूश. पाणी घोट्याच्या वर आलं तशी डावीकडून कड धरून गेले. पुढे टेपाड दिसलं. हवं तेवढंच उंच, हव्या त्याच बाजूला. पायथ्याशी गेले. झेंडा नाही. दिवा फिरवला तर झेंड्याजवळचा रिफ्लेक्टर चमकायला हवा, तो चमकला नाही.

इथे माणसाचं मन काय करतं ते बघा. नकाशात टेपाडाच्या दक्षिणेला एक मोठा धोंडा दाखवला होता, काळा ठिपका. माझ्यासमोर धोंडा नव्हता. मी म्हटलं, झाडांनी झाकला असेल. नकाशात उतार पूर्वेला होता, माझ्या पायांना तो उत्तरेला लागत होता. मी म्हटलं, रात्री असंच वाटतं. दिसतंय ते सोडून मी नकाशा माझ्या सोयीने वाचत होते. त्या टेपाडाला तीन फेऱ्या मारल्या.

मग मी थांबले. घाम गार व्हायला लागला होता. दिवा बंद केला. क्लबातल्या एका सत्तरीच्या बाईंनी मला हे शिकवलंय: काही सुचेनासं झालं की उजेड विझव आणि तीस आकडे मोज. पहिले दहा आकडे नुसता काळोख. मग झाडांचे शेंडे वेगळे दिसायला लागले. मग त्यांच्या मागे, खूप खाली, आभाळ किंचित तांबूस दिसलं. शहराचे दिवे. शहर या जंगलाच्या पश्चिमेला आहे. आणि मी समजत होते त्यापेक्षा ते बरंच उजवीकडे होतं.

म्हणजे मी दलदलीची कड धरताना नको इतकी वळले होते, आणि शेजारच्या दुसऱ्याच दलदलीपलीकडच्या, तशाच दिसणाऱ्या टेपाडाशी उभी होते. यावर उपाय एकच असतो, आणि तो करायला मन अजिबात तयार होत नाही: जिथे नक्की माहीत होतं की आपण इथे आहोत, तिथपर्यंत परत जायचं. मी गेले. पायवाट जिथे ओहोळ ओलांडते तिथपर्यंत. नकाशा फिरवून उत्तरेला लावला, अंगठा त्या जागेवर ठेवला, आणि शंभर मीटरला किती पावलं लागतात ते मोजत पुन्हा निघाले. चौदा मिनिटं गेली होती. धोंडा दिसला, घराएवढा. त्याच्या पलीकडे टेपाड आणि पायथ्याशी रिफ्लेक्टर, मांजराच्या डोळ्यासारखा.

तिथे उभी राहून मला रडू आलं. भीतीने नाही. चाळिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा कळत होतं की वाट चुकल्यावर मी स्वतःला परत आणू शकते.

आता आईच्या प्रश्नाकडे येते.

मी साताऱ्यात वाढले. अजिंक्यतारा आमच्या गच्चीतून दिसायचा. रविवारी बाबा आम्हाला घेऊन जायचे. भाऊ आणि त्याचे मित्र डांबरी रस्ता सोडून झाडोऱ्यातून, ढोरवाटांनी वर चढायचे, कुठेतरी अडकायचे, ओरबाडून यायचे, आणि वर मंगळाईच्या देवळापाशी आम्हाला भेटायचे. मी रस्त्याने. बाबांसोबत. बारा वर्षांची होते, काटक होते, भावापेक्षा जोरात पळायचे. पण "तू सोबत चल." पुढे कॉलेजला जाताना मैत्रीण सोबत, पुण्याला जाताना काका सोबत, लग्नानंतर नवरा सोबत. हे सगळे प्रेमाने आले, कोणी मला डांबून ठेवलं नाही. पण वाट प्रत्येक वेळी दुसऱ्याने ठरवलेली. आणि ज्याने कधी वाट ठरवली नाही त्याला वाट चुकताही येत नाही. चुकलीच नाही, तर सापडवायची कशी ते कळणार कुठून?

शाळेत नकाशा होता ना. भूगोलात समोच्च रेषा शिकवल्या. टेकडी कशी दिसते, दरी कशी दिसते, सांकेतिक चिन्हं कोणती. मी पैकीच्या पैकी मार्क घेतले. तो कागद कोणी डोंगरावर घेऊन गेलं नाही. समोर यवतेश्वरचा डोंगर उभा होता, वर्गाच्या खिडकीतून दिसायचा, आणि आम्ही वहीत पेन्सिलीने काल्पनिक डोंगर काढत होतो.

गंमत वाटेल, पण आज स्वीडनच्या जंगलात मी मराठीत वाचते. नकाशावर रेषा एका बाजूला लांबलचक बाहेर आल्या की मनात येतं, सोंड. आत शिरल्या की घळ. दोन उंचवट्यांच्या मध्ये दबल्या की खिंड. बाबा आणि त्यांचे मित्र हे शब्द सहज बोलायचे, कानावर पडून राहिले होते. "या सोंडेने उतर, दुसऱ्या घळीत झेंडा" असं मी स्वतःशी म्हणते आणि पाय बरोबर पडतात. सह्याद्रीने आपल्या भाषेला जमिनीच्या प्रत्येक वळणासाठी शब्द दिलाय. ते शब्द आपल्या मुलींच्याही तोंडी असायला हवेत.

मला माहीत आहे कोणीतरी म्हणेल, तिकडे बरं आहे तुमचं, इथे मुलीला एकटं सोडून दाखवा. बरोबर आहे. इथे कोणाच्याही जंगलातून चालायचा हक्क सगळ्यांना आहे, तो १९९४ पासून राज्यघटनेतही लिहिलाय, आणि रात्री जंगलात मला माणसांची भीती वाटत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्रात नाही, हे मी विसरत नाही. आईचा प्रश्न त्याच भीतीतून येतो, त्याबद्दल तिला बोल लावायचा मला अधिकार नाही. रात्री एकटीला पाठवा असं मी म्हणतच नाहीये. माझं म्हणणं एवढंच की सोबत असतानासुद्धा नकाशा मुलीच्या हातात देता येतो. दहा जणांच्या ट्रेकमध्ये लीडर पुढे आणि बाकीचे नऊ जण पुढच्याच्या सॅककडे बघत चालतात. त्या नवांत आपली मुलगी कशाला? तिला पुढे घ्या. दुफाट्यावर तिला ठरवू द्या. चुकली तर तिच्यासोबत चुका.

धावायला आपल्या बायका शिकल्या, याचा मला फार अभिमान आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन होते, तिथे साडी नेसून धावणाऱ्या काकूसुद्धा दिसतात. पण तिथे रस्ता आखलेला असतो, वळणावर स्वयंसेवक उभा असतो. आणि मोबाईलवरचा निळा ठिपका, तोही एक सोबतीच. तो सतत सांगत राहतो तू इथे आहेस, म्हणून आपण कुठे आहोत हे आपल्याला कधी शोधावंच लागत नाही.

गुरुवार-शुक्रवार काही पळले नाही. गुरुवारी चकल्या. सोऱ्या दाबून दाबून दंड भरून आले, मोहन थोडं जास्त झालं, पण खुसखुशीत झाल्यात. शुक्रवारी जेवणानंतर टेबलावर नकाशा पसरून बुधवारचा मार्ग लाल पेनने काढला. चुकलेला भागसुद्धा, तिन्ही फेऱ्यांसकट. ट्रेनिंगचा हा भाग मला पळण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. लेक शेजारी येऊन बसली, दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, "इथे तू घाबरलीस?" मी म्हटलं, "थोडी." तिने त्या जागी पेन्सिलीने छोटी फुली काढली.

शनिवारी तिची शर्यत. इथे वाटांना कठीणपणाप्रमाणे रंग असतात, हिरवी सगळ्यात सोपी. लेक या खेपेला त्यापुढच्या पांढऱ्यावर होती. अगदी लहानांसाठी तर झाडांना दोरी बांधून वाट केलेली असते, धाकटा सोमवारचा ताप विसरून दोरी धरून नवऱ्याबरोबर गेला. लेकीच्या मागे मी, दहा पावलं अंतर ठेवून, सावलीसारखी. नियम असा ठरलेला की मी बोलायचं नाही.

तिसऱ्या पॉइंटनंतर पायवाटेला फाटा फुटला. उजवीकडे जायचं होतं. ती डावीकडे गेली. माझ्या घशाशी शब्द आला. मी ओठ मिटून चालत राहिले. वीस मीटर, चाळीस मीटर. आजूबाजूला लिंगनबेरीची लाल फळं, तिचं लक्षही नाही. मग वाट उतरायला लागली आणि ती थांबली. नकाशा बघितला. फिरवला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी काही सांगायच्या आत हात वर केला, "आई, नको सांगूस." आणि माझ्या बाजूने पळत परत फाट्याकडे गेली.

अजिंक्यताऱ्यावरच्या त्या रस्त्यावर मला हे म्हणता आलं असतं तर, असं वाटून गेलं. बाबा आज असते तर त्यांनाही ते आवडलं असतं, याची मला खात्री आहे. त्यांना फक्त सुचलं नव्हतं.

आज सकाळी तलावाकाठून बारा किलोमीटर संथ पळून आले. घरी येऊन गुडघ्यांमागे गोचीड बघितले, आंघोळ केली, लाडू वळले. दुपारी आईला मी फोन केला. लेकीची फाट्यावरची गोष्ट सांगितली. ती नीट ऐकत होती. मग म्हणाली, "मला एकदा चार भिंतीपासून वर एकटीने जायचं होतं. सतरा वर्षांची होते मी." चार भिंती म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळचं स्मारक. हे मला माहीत नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही साताऱ्यात आहोत, तीन आठवडे. सर्वे ऑफ इंडियाचा पन्नास हजाराला एक प्रमाणाचा नकाशा संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो, त्यात डोंगरउतार छान कळतात. मी त्याची मोठी प्रिंट काढून आणणार आहे, आणि तीन जादा होकायंत्रं. एका रविवारी सकाळी लेक, भाची आणि आई यांना घेऊन चार भिंतीपासून वर जायचंय. आईचे गुडघे दुखतात, तर हळूहळू, बसत-उठत. नकाशा तिच्या हातात देणार आहे. साताऱ्यातल्या कोणाला आपल्या मुलीला घेऊन यायचं असेल तर मला मेसेज करा. मुलीला पायात बूट आणि पाण्याची बाटली. मोबाईल सॅकच्या तळाशी.