गॅसचा सेन्सर म्हणे छताला लावा

सकाळपासून डोकं फिरलंय. रेणापूरकडच्या एका दिंडीचा टेम्पो दारात उभा आहे. हौद्यावर ताडपत्री, आत भांडी, शिधा आणि १९ किलोचे दोन सिलिंडर. पाऊस आला की शेगडी आतच पेटते, आणि रात्री स्वयंपाकाच्या दोन मावश्या तिथंच चटई टाकून झोपतात. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून गॅसगळतीचा अलार्म ऑनलाइन मागवला. सोबत एकच कागद, एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला मोडकं इंग्रजी. चित्रात यंत्र छताच्या खाली वीतभर. आधीच्या मिस्त्रीनं चित्र बघून तिथंच ठोकलं.

अरे, ते चित्र पाइपच्या गॅसचं आहे! पाइपमधला मिथेन हवेहून हलका, तो वर जातो. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन हवेच्या दीड ते दोन पट जड. तो पाण्यासारखा खाली पसरतो, कोपऱ्यात साचतो, आणि हवेत साधारण २ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. म्हणजे मावश्या झोपतात नेमक्या त्या उंचीवर गॅस, आणि पहारेकरी छताला.

एलपीजीचा सेन्सर हौद्याच्या तळापासून १५ ते ३० सेंटिमीटरवरच लावा. शेगडीपासून मीटरभर लांब, दाराच्या थेट वाऱ्यात नको, आणि पुढ्यात पोतं नको. वर लावल्याचा दुसरा तोटा मावशीनंच सांगितला, "भैय्या, फोडणी दिली की बोंबलतंय बघा, म्हणून ड्रायव्हरनं वायरच उपसली." हे सेन्सर धूर, वाफ, सॅनिटायझर, अगरबत्ती, कशानंही फसतात. वाफ वर जाते, यंत्र वर. दुसरं काय होणार?

अलार्मवाल्यांच्या हेल्पलाइनला चार फोन केले. शेवटी एकानं उचलला, "अधिकृत टेक्निशियनकडून बसवा" म्हणाला. तो कुठं आहे? पुण्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, तर तेच चित्र परत आलं.

आता वायरिंग. यंत्र १२ व्होल्टचं. टेम्पो १२ चा आहे म्हणून वाचलं, २४ व्होल्टच्या ट्रकला जोडलं असतं तर जळालं असतं. मिस्त्रीनं लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली होती. चावी काढली की अलार्म मेला, म्हणजे रात्रभर आंधळा. लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून घ्यायची, वीतभरात २ अँपिअरचा फ्यूज टाकायचा. अर्थिंगला चॅसिसचा रंग खरवडून पक्का बोल्ट. सेन्सर रोजचे साडेतीन अँपिअर-तास खातो, ते चालतं.

पण सोबत गळती झाली की गॅस तोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह आलाय, वीज असेपर्यंतच उघडा राहणारा. त्याची कॉइल १ अँपिअर खाते. ती सेन्सरच्याच लाइनवर सोडली आणि गाडी तीन दिवस उभी राहिली तर ७२ अँपिअर-तास गेले, ८० ची बॅटरी बसलीच. व्हॉल्व्हला वेगळा फ्यूज आणि वेगळा स्विच द्या. स्वयंपाकापुरता चालू, स्विच पाडला की व्हॉल्व्ह बंद. रिलेचं, म्हणजे अलार्म वाजला की व्हॉल्व्हची वीज तोडणाऱ्या आतल्या स्विचचं, टर्मिनल तपासल्याशिवाय गॅस जोडू नका. एनसी (एरवी जोडलेलं) आणि एनओ (एरवी तुटलेलं) यांची अदलाबदल झाली तर गळती झाल्यावरच व्हॉल्व्ह उघडतो. कागदावर याचा एक शब्द नाही! आधी कोरडी चाचणी घ्या. यंत्र पाच मिनिटं तापू द्या, मग लायटर न पेटवता नुसता गॅस सेन्सरजवळ सोडा. अलार्म वाजला आणि व्हॉल्व्ह 'टक्' करून बंद झाला, तरच पुढं जा. सांधे साबणाच्या पाण्यानं बघायचे, काडी पेटवून कधीच नाही.

काही जण म्हणतील, माणसं झोपतात त्या गाडीत सिलिंडर नकोच. कबूल. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत रेल्वेच्या पर्यटक डब्यात सिलिंडरनं ९ माणसं गेली. म्हणून मुक्कामाला सिलिंडर खाली उतरवून उघड्यावर ठेवायचे, रेग्युलेटर काढून टोपी लावायची, हे ड्रायव्हरला बजावलंय. रेग्युलेटरपाशी गळालं तर पुढचा व्हॉल्व्ह काही करू शकत नाही. मावशीला १९०६ हा गळतीचा नंबर पाठ करून घ्यायला लावला. तिनं तो तव्याच्या मागे खडूनं लिहिला. तिच्याकडे बघून माझा राग जरा निवला.

तरी काम अर्धंच झालंय. अलार्मच्या खोक्यातून आलेला व्हॉल्व्ह घरगुती कमी दाबाचा आहे, ३० मिलिबारसाठीचा. इथं भट्टीची शेगडी आणि हाय प्रेशर रेग्युलेटर. विकताना कुणी विचारलं नाही, कुठली शेगडी म्हणून. व्हॉल्व्ह मी काढून ठेवलाय, सध्या नुसता अलार्म चालू आहे.

दिंडी शुक्रवारी निघतेय. एलपीजीसाठीचा, ० ते ३ बारचा, १२ व्होल्टचा पितळी सोलेनॉइड व्हॉल्व्ह लातुरात किंवा नांदेडला कुणाच्या दुकानात असेल तर आज रात्रीच कळवा. पाण्याचा दाखवू नका, त्याचं रबर गॅसला टिकत नाही.